पिल्सनर : मसाल्याआड न लपणारी बीअर

गेल्या काही वर्षांत किनारपट्टीवरच्या हॉटेलांच्या मेन्यू कार्डांवर बीअरच्या रकान्यात ‘जर्मन स्टाइल क्राफ्ट पिल्सनर’ अशी एक नवी ओळ दिसू लागली आहे. पुण्या-मुंबईत आणि गोव्यात बीअर बनवणाऱ्या लहान ब्रुअरी वाढल्या, त्यांची ही ‘क्राफ्ट’ बीअर पर्यटकांच्या मागोमाग कोकणात उतरली आणि तिच्याबरोबर हे नावही आले. किंमत नेहमीच्या बाटलीपेक्षा बरीच जास्त, दिसायला मात्र तीच पिवळी, पारदर्शक, फेसाळ बीअर. मागच्या उन्हाळ्यात वेंगुर्ल्यात जेवायला बसलो असताना माझ्या पुतण्याने पेला उजेडात धरून विचारले, “काकानू, ही तर नेहमीचीच दिसता, मगे ज्यास्ती पैशे कशाक?”

त्याचा प्रश्न रास्त होता. स्टाउट नावाची काळीभोर बीअर समोर आली तर ती वेगळी आहे हे कोणाला सांगावे लागत नाही, पण पिल्सनरचे वेगळेपण डोळ्यांना दिसत नाही. ती कशी बनली, किती दिवस मुरली आणि आपल्या पेल्यापर्यंत कोणत्या अवस्थेत पोहोचली यात ते असते. एवढे समजून घेतले, तर ते पहिल्या दोन-तीन घोटांत ओळखता येते.

सुरुवात नाचणीच्या सत्त्वापासून

बीअर चार गोष्टींपासून बनते : पाणी, सातू, हॉप्स नावाची फुले आणि यीस्ट. सातू म्हणजेच जव. मात्र नुसत्या सातूची बीअर होत नाही. तो भिजवून त्याला मोड आणावे लागतात आणि मोड फार वाढण्याआधी गरम हवेने वाळवावे लागतात. अशा वाळवलेल्या, मोड आलेल्या सातूला माल्ट म्हणतात. आपल्याकडे बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना आजी नेमके हेच करत असे. नाचणी भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, हलकीशी भाजायची आणि मग दळायची. मोड आणलेल्या नाचणीची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ आणि गोडसर होते, याचे कारण मोड येताना दाण्यात तयार होणारी विकरे. विकर म्हणजे कात्रीसारखे काम करणारे प्रथिन. दाण्यातल्या पिष्टाचे ते कापून साखरेत रूपांतर करते.

ब्रुअरीत भरडलेला माल्ट साधारण ६२ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात, तेव्हा ही कात्री जोरात चालते. पाणी या मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवले, तर यीस्टला सहज खाता येणारी साखर जास्त सुटते. वरच्या टोकाला ठेवले, तर न आंबणारा अंश जास्त उरतो आणि बीअर भरीव, गोडसर लागते. जर्मन पिल्सनरला कोरडेपणा हवा असतो, म्हणून तिचे तापमान खालच्या बाजूला राखतात. पेयाला कोरडे म्हणणे विचित्र वाटेल, पण त्याचा अर्थ सोपा आहे : घोट गिळल्यावर जिभेवर गोडवा रेंगाळत नाही आणि तोंड लगेच पुढच्या घासाला मोकळे होते.

हे गोड पाणी गाळून हॉप्ससह उकळतात आणि थंड करून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडते. जगातली प्रत्येक बीअर साधारण याच वाटेने जाते. पिल्सनरची वाट वेगळी होते ती यीस्टच्या टप्प्यावर.

माडीची घाई, लागरची सबुरी

आंबणे म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. पहाटे माडावरून उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढू लागले की हवेतली आणि मडक्यातली रानटी यीस्ट कामाला लागते, काही तासांत तिची माडी होते, आणि तशीच ठेवली तर एक-दोन दिवसांत ती आंबून व्हिनेगरच्या वाटेला लागते. आपल्या हवेत यीस्टला दम धरवत नाही. उष्णतेत ती झपाट्याने साखर फस्त करते आणि त्या गडबडीत अल्कोहोलखेरीज फळांसारख्या, मसाल्यांसारख्या वासाचे पुष्कळ पदार्थ सोडते. माडीचा तो ओळखीचा उग्र, फळाळ दर्प याच घाईतून येतो.

बीअरमध्येही याच भेदावर दोन मोठी घराणी झाली आहेत. एल नावाच्या घराण्याचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांवर काम करते आणि बीअरला फळांचा वास देते. लागर घराण्याचे यीस्ट ८ ते १२ अंशांच्या थंडीत सावकाश काम करते, त्यामुळे हे जादा वास फारसे तयार होत नाहीत आणि सातू व हॉप्स स्पष्ट जाणवतात. पिल्सनर ही लागर आहे. हे यीस्ट दोन जातींच्या संकरातून आलेले आहे : एक पालक आपल्या ओळखीचे, पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या जातीचे, आणि दुसरे थंडी मानवणारे रानटी यीस्ट. हे दुसरे पालक दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचे शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये जाहीर केले, तोपर्यंत ते कोणाला माहीतच नव्हते.

जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठवून ठेवणे. साखर संपली तरी बीअर तयार झालेली नसते. ती शून्य ते दोन अंशांच्या आसपास आणखी काही आठवडे ठेवली जाते. मराठीत याला ‘मुरणे’ हा शब्द तंतोतंत बसतो. कैरीच्या फोडींना मसाला लावला त्या दिवशी ते लोणचे नसते. मीठ, आंबटपणा आणि तिखट एकमेकांत शिरायला दिवस लागतात. कोवळ्या लागरला लोण्यासारखा किंवा कच्च्या सफरचंदासारखा वास येतो. टाकीत मुरत असताना उरलेले यीस्ट हेच पदार्थ परत शोषून घेते आणि मग तळाशी बसते, त्याबरोबर बीअर नितळ होते. काही ब्रुअर मुरवण्याआधी टाकीचे तापमान दोन-तीन दिवस मुद्दाम थोडे वाढवतात, म्हणजे लोण्याचा वास शोषण्याचे काम यीस्ट लवकर उरकते.

पुतण्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. बहुतेक एल दोन-तीन आठवड्यांत टाकीतून बाहेर पडतात. नीट मुरवलेली पिल्सनर पाच-सहा आठवडे किंवा त्याहून जास्त काळ टाकी अडवते, आणि बाहेर पस्तीस अंशांचा उन्हाळा असताना ती टाकी शून्याजवळ ठेवायची म्हणजे विजेचे बिल भरत राहायचे. लहान ब्रुअरीकडे टाक्या मोजक्याच असतात. त्यांतली एक दीड महिना गुंतवून ठेवणारा माणूस ती किंमत मागतो, तेव्हा मला ती अवाजवी वाटत नाही.

पिल्झेनचे नागरिक आणि बव्हेरियाचा ब्रुअर

पिल्सनर हे नाव पिल्झेन या बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील शहरावरून आले. तेथील बीअर इतकी बेभरवशाची होती की १८३८ मध्ये नागरिकांनी छत्तीस पिंपे भर चौकात ओतून दिली, असे सांगितले जाते. त्यानंतर शहरातील मद्य बनवण्याचा हक्क असलेल्या घरांनी एकत्र येऊन नवी ब्रुअरी बांधली आणि शेजारच्या बव्हेरियातून, म्हणजे आजच्या जर्मनीच्या दक्षिण भागातून, योसेफ ग्रोल या ब्रुअरला बोलावले. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा काढला.

ग्रोलच्या हाती चार गोष्टी एकाच वेळी आल्या. इंग्लंडमध्ये रुळलेल्या पद्धतीने, धूर लागू न देता मंद उष्णतेवर वाळवलेला फिकट माल्ट. जवळच्या झाटेत्स भागातील नाजूक वासाचे हॉप्स. बव्हेरियाचे लागर यीस्ट. आणि पिल्झेनचे कमालीचे मऊ पाणी. पाण्याचा मऊपणा म्हणजे त्यात विरघळलेले क्षार कमी असणे. ज्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ चटकन शिजते ते पाणी मऊ, एवढी व्याख्या आपल्याला पुरेशी आहे. अशा पाण्यात फिकट माल्टची चव आणि हॉप्सचा कडवटपणा दोन्ही गोलाईने उतरतात. तोपर्यंत युरोपात बहुतेक बीअर तपकिरी आणि गढूळसर असे. ही सोन्यासारखी नितळ बीअर रेल्वेबरोबर भराभर पसरली.

जर्मन ब्रुअरांनी १८७० च्या दशकापासून ती आपलीशी केली, पण तिची नक्कल करत बसले नाहीत. त्यांच्या अनेक गावांचे पाणी पिल्झेनएवढे मऊ नव्हते, आणि सल्फेटयुक्त पाण्यात कडवटपणा अधिक धारदार होतो. त्यांनी हालरटाऊ, टेटनांग आणि श्पाल्ट या आपल्याच भागांतले हॉप्स वापरले. त्यातून जी बीअर घडली ती चेक भावंडापेक्षा फिकट, कोरडी आणि टोकदार आहे. चेक पिल्सनर थोडी भरीव आणि गोलसर लागते. जर्मनीतही उत्तरेकडची पिल्सनर जास्त कडू आणि दक्षिणेकडची सौम्य असते. त्याच सुमारास कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्रांमुळे डोंगरातल्या बर्फावरचे अवलंबन संपले, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चियन हॅन्सन यांनी लागर यीस्टची एकाच पेशीपासून शुद्ध पैदास करून दाखवली. त्याआधी बव्हेरियात १५५३ च्या हुकमानुसार २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बीअर करायलाच बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती नासत असे. आपल्या किनाऱ्यावर तर हा नियम बारा महिने लागू झाला असता.

जाहिरातींत वारंवार येणाऱ्या १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता कायद्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. त्यात बीअरसाठी सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक सांगितले होते आणि यीस्टचा उल्लेखही नव्हता. पिल्सनर जन्मली त्यानंतर तीन शतकांनी, तेव्हा लेबलवर १५१६ हा आकडा दिसला म्हणून आतली बीअर चांगली असेलच असे धरून चालू नये.

“मुळात कडू कशाला प्यायचे?”

पहिला आक्षेप हमखास हाच येतो. हॉप्स ही भांगेच्याच कुळातील वेल आहे, पण तिच्यात भांगेची नशा नाही. तिला शंकूसारखी हिरवी फुले येतात. भारतात हिमाचलातील लाहौल खोऱ्यात तिची लागवड होते. फुलांतील काही आम्ले उकळल्यावर रूप बदलतात आणि कडू होतात. हा कडवटपणा बीअर नासवणाऱ्या अनेक जिवाणूंना अटकाव करतो, सातूचा गोडवा तोलतो आणि फेसही टिकवून धरतो.

हॉप्स कधी घालायचे, हे सगळ्यात महत्त्वाचे. फोडणीत टाकलेली मोहरी आणि शेवटी भुरभुरलेली कोथिंबीर यांची कामे वेगळी असतात, तसेच येथेही आहे. उकळीच्या आरंभी टाकलेले हॉप्स तासभर उकळून कडवटपणा देतात, पण त्यांचा वास उडून जातो. शेवटी टाकलेले हॉप्स कडवटपणा थोडाच देतात, पण गवताचा, रानफुलांचा, किंचित मिऱ्यासारखा वास मागे ठेवतात. कडवटपणा मोजायचे एक एकक आहे, त्याला आयबीयू म्हणतात. जर्मन पिल्सनरचा आकडा साधारण २२ ते ४० च्या दरम्यान असतो. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीचा त्याहून बराच कमी.

कडू चव आपल्याला परकी आहे, असे मात्र मी मानत नाही. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी आणि थंडीत उकडलेले कडू करांदे ज्या घरांत आवडीने खातात, त्यांना कडवटपणा गोडीकडे कसा नेतो हे ठाऊक असते. चांगल्या पिल्सनरचा कडवटपणा घोट गिळल्यावर स्वच्छ उमटतो, काही क्षण राहतो आणि घशाला न खरवडता निघून जातो. खरवडत राहिला, तर ती बीअर बिघडलेली आहे.

ताज्या बांगड्याला हळद-मीठ पुरते

होडीतून नुकताच उतरलेला बांगडा असेल, तर त्याला हळद, मीठ आणि फार तर दोन आमसुले लागतात. दोन दिवस बर्फात राहिलेल्याला मात्र मसाल्याचे जाड वाटण लावावे लागते, आणि ते लावले की शिळेपणा बराचसा झाकतो. पिल्सनर ही हळद-मिठातल्या बांगड्यासारखी आहे. आंब्याचा गर घातलेल्या किंवा हॉप्सने ओतप्रोत भरलेल्या बीअरमध्ये ब्रुअरची लहानसहान चूक खपून जाते. पिल्सनरमध्ये फिकट माल्ट, मोजके हॉप्स आणि जवळजवळ गंधहीन यीस्ट एवढेच असल्याने चुकीला लपायला जागा उरत नाही, आणि म्हणूनच पुष्कळ ब्रुअर एखाद्या नव्या ब्रुअरीत गेले की आधी तिची पिल्सनर मागतात.

या चुका आपल्यालाही ओळखता येतात. उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा वास आला, तर उकळी कमी पडली. फिकट माल्टमधून निघणारा हा वास वाफेबरोबर उडून जावा म्हणून पिल्सनर बहुधा झाकण न ठेवता दीड तास उकळतात. लोण्याचा वास आणि जिभेवर तुकतुकीत थर जाणवला, तर मुरवण्यात घाई झाली. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बीअर जुनी झाली किंवा वाटेत तापली. काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा पुसट वास मात्र दोष धरू नये. लागर यीस्टचा तो स्वभाव आहे आणि दोन मिनिटांत विरून जातो.

“पण नेहमीची बाटलीही लागरच असते ना?”

असते, आणि हा आक्षेप अगदी बरोबर आहे. जगभर सर्वाधिक खपणाऱ्या फिकट लागर पिल्सनरच्याच वंशातल्या आहेत. पण मोठ्या प्रमाणावर बनवताना सातूच्या काही भागाऐवजी तांदूळ, मका किंवा साखरेचा पाक वापरला जातो, त्यामुळे चव पातळ होते. हॉप्स कमी घातले जातात आणि मुरवण्याचा काळ शक्य तितका छाटला जातो. यात फसवणूक नाही. तहान भागवणारी, सगळीकडे सारखी लागणारी, स्वस्त वस्तू बनवणे हेही कौशल्य आहे. दुसऱ्या बाजूला ‘क्राफ्ट’ हा शब्द म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. घाईने बनवलेली, लोण्याचा वास मारणारी क्राफ्ट पिल्सनर मी प्यायलो आहे आणि त्याच पैशांत साधी बाटली बरी होती असे मला तेव्हा वाटले.

“चढतच नाही, तर उपयोग काय?”

आपल्याकडे बीअर निवडताना लेबलवरची टक्केवारी आधी पाहिली जाते आणि स्ट्राँग बीअरचा खप सर्वात जास्त आहे. जर्मन पिल्सनरमध्ये अल्कोहोल साधारण ४.४ ते ५.२ टक्के असते. ती चवीसाठी, जेवणाबरोबर सावकाश पिण्यासाठी आहे.

मात्र ती निरुपद्रवी आहे, हा समज खोटा आहे. ५ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटर बीअरमध्ये २५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, आणि ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १३. म्हणजे एक मोठा कॅन जवळजवळ दोन पेग झाला, आणि ८ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची बाटली चार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. बीअरने मुतखडा पडतो, ही गावोगाव ऐकू येणारी सूचना तर मनातून काढून टाकावी; लघवी वाढते ती शरीरातले पाणी घालवून, आणि खड्यासाठी साधे पाणी व डॉक्टर हाच मार्ग आहे. महाराष्ट्रात बीअरसाठी किमान वय २१ आहे, आणि पिऊन घाटात गाडी चालवणे हा गुन्हा आहे. न पिणाऱ्याने हा लेख वाचून सुरुवात करावी, असे मला मुळीच सुचवायचे नाही.

किनाऱ्यावर ती कशी जपावी

आपला किनारा या बीअरचा वैरी आहे. ऊन आणि उष्मा दोन्ही तिला मानवत नाहीत. सूर्यप्रकाश हॉप्सच्या कडू घटकांना तोडतो आणि त्यातून गंधकयुक्त, कुबट, एखाद्या प्राण्याच्या अंगासारखा दर्प तयार होतो. तपकिरी काच हे बरेच थोपवते, हिरवी आणि पारदर्शक काच फारसे थोपवत नाही, कॅनमध्ये उजेड शिरतच नाही. दोन वर्षांपूर्वी एका वाळूवरच्या टपरीत उन्हात मांडलेली हिरवी बाटली मी उघडली आणि पहिल्या घोटाला हाच दर्प आला; तेथे दोष ब्रुअरीचा नव्हता. पारदर्शक पेल्यात तर भर उन्हात काही मिनिटेही पुरतात, म्हणून बसायचे ते माडांच्या सावलीत. खोके विकत घेताना बनवल्याची तारीख पाहावी, आणि रात्रभर वीज जाऊन फ्रिज बंद पडल्याचे कळले तर वेगळे काही मागवावे.

पिल्सनर पाच ते सात अंशांवर उत्तम लागते. त्याहून थंड असली की जीभ बधिर होते आणि हॉप्सचा वास उठत नाही. बर्फाचे खडे टाकले तर दीड महिन्याची मेहनत पाण्यात जाते. पेला स्वच्छ पाण्याने विसळून, थोडा तिरपा धरून ओतायला सुरुवात करावी, मग सरळ करून मध्यभागी ओतावे, फेस बसू द्यावा आणि पुन्हा ओतावे, म्हणजे वर दोन बोटे घट्ट पांढरा फेस राहतो. पेल्याच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले, तर तो नीट धुतलेला नाही.

त्या दिवशी वेंगुर्ल्यात पुतण्याच्या पेल्यावर असाच फेस उभा होता. त्याने रव्यातला कुरकुरीत बोंबील खाल्ला आणि ओठ न पुसता घोट घेतला. जेथे ओठ टेकला होता तेथे फेसात रुपयाएवढे भोक पडले आणि बघता बघता ते पसरत गेले. फेस म्हणजे सातूच्या प्रथिनांनी आणि हॉप्सच्या कडू घटकांनी विणलेली जाळी, आणि तेलाचा थेंब ती उसवतो. त्यानंतर तो प्रत्येक घोटाआधी ओठ पुसू लागला, आणि रिकाम्या होत गेलेल्या पेल्याच्या काचेवर त्याच्या घोटांची एकाखाली एक पांढरी वलये उमटत गेली.

तळलेल्या मासळीशी या बीअरचे फार चांगले जमते. कडवटपणा आणि बुडबुडे तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतात, आणि कोरडेपणामुळे सुरमईची मूळ गोडी पुन्हा जाणवते. तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर आणि मिठात उकडलेल्या कोळंबीबरोबरही ती शोभते. तिखटजाळ मालवणी रश्शाबरोबर मात्र तिचा हट्ट धरू नये, कारण बुडबुडे आणि कडवटपणा तिखटाची आग आणखी भडकवतात. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. रस्सा वाढला जाईपर्यंत पेला संपवावा आणि नारळाच्या दुधाची सोलकढी मागवावी.